नळाचं तीर्थ

आमच्या घराला कोबीचा वास होता. लोक आपल्या लहानपणीच्या वासांबद्दल फार गोड गोड लिहितात. मी वाचते आणि मनात म्हणते, बरंय बाई तुमचं. पप्पा भाज्यांच्या पॅकिंगच्या कारखान्यात होते. पट्ट्यावरून येणारे जे कोबी वेडेवाकडे म्हणून बाजूला पडत, ते घरी न्यायची कामगारांना मुभा होती. त्यामुळे कोबीची भाजी, कोबीची थालीपीठं, कोबीच्या वड्या, आमटीतसुद्धा कोबी. आई म्हणायची, आता या पोरीच्या डोक्यावर केसांऐवजी पानं उगवतील. बाजरीचं पीठ मात्र लेस्टरहून यायचं. कोणी तिकडे गेलं की दहा किलोची पिशवी घेऊन येई, आणि आई भाकऱ्या थापायला लागली की स्वयंपाकघराच्या काचेवर वाफ धरे आणि मी तिच्यावर बोटानं नावं लिहीत बसे. स्वयंपाकघर म्हणजे एक बोळच. एका अंगाला शेगडी आणि सिंक, दुसऱ्या अंगाला भिंत, दोघं समोरासमोर आले तर एकानं पोट आत ओढायचं. जेवायचं टेबल पुढच्या खोलीत होतं, जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून आणलेलं, चार खुर्च्यांचं. आम्ही तिघं. चौथ्या खुर्चीवर पप्पांची पुस्तकं बसलेली असत.

गाव बॉस्टन. अमेरिकेतलं नव्हे, इंग्लंडच्या लिंकनशरमधलं, मूळचं. हे 'मूळचं' पप्पा आवर्जून सांगायचे. नगरला मिशनच्या शाळेत ते इतिहास शिकवत, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. आई मिशनच्याच हॉस्पिटलात शिकलेली नर्स. इंग्लंडला नर्सेस हव्या होत्या, आईची मुलाखत झाली, परमिट आलं ते आईच्या नावावर, आणि पप्पांच्या पासपोर्टात व्हिसा चिकटला त्यावर त्यांच्यासाठी शब्द होता, डिपेंडंट. माझ्याही व्हिसावर तोच होता, पण मी सात वर्षांची होते, मला काय त्याचं. पप्पांना तो शब्द फार लागला. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण कोणी कामाबद्दल विचारलं की ते म्हणत, सध्या कोबीचा मास्तर आहे, आणि हसत, आणि ते हसणं मला लहानपणीही आवडायचं नाही.

मग त्यांना या गावाचा इतिहास सापडला आणि माणूसच बदलला. गावात एक जुनी विटांची इमारत आहे, पूर्वी तिथं कोर्ट भरायचं, आता म्युझियम आहे. तिच्या तळाशी दोन कोठड्या आहेत. आपल्या पद्धतीनं उपासना करता यावी म्हणून देश सोडून निघालेली काही साधी माणसं या गावाजवळ जहाजावर चढली, कप्तानानंच त्यांना धरून दिलं, त्यांची झडती घेऊन पुस्तकं काढून घेतली, गर्दीसमोरून चालवत आणलं आणि इथं कोंडलं. पुढं ती हॉलंडला गेली, त्यांच्यातली काही कैक वर्षांनी समुद्र ओलांडून अमेरिकेला. तिथल्या पहिल्या हिवाळ्यात निम्मी मेली. उरली त्यांनी लाकडी घरं बांधली, उपासनेचं घर बांधलं, आणि त्यांच्याच वळणाच्या लोकांच्या नातवंड-पतवंडांनी पुढं जहाजातून आपल्या नगरला माणसं धाडली, शाळा काढली, दवाखाना काढला, आपल्या पणज्याचा बाप्तिस्मा केला. हे सगळं पप्पांनी आम्हाला त्या कोठडीच्या दगडी पायरीवर उभं राहून सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून. आपण त्यांचीच पतवंडं, असं ते म्हणाले. आई मला कोट घालत होती. ती म्हणाली, पतवंडं म्हणे, आपण वेशीबाहेरच्यांची पतवंडं. पण हसत म्हणाली, आणि पप्पाही हसले, आणि आम्ही बाहेर येऊन चिप्स खाल्ले.

'मंडळी' हा शब्द तुम्हाला कसा ऐकू येतो मला माहीत नाही. चला मंडळी, जेवायला बसा, असा येत असेल. आमच्याकडे मंडळी म्हणजे चर्च. इमारत नव्हे, माणसं. गावात आमच्यासारखी मराठी ख्रिस्ती घरं पाचच होती, नगर, जालना, सोलापूरकडची, कोणी नर्सिंग होममध्ये, कोणी कारखान्यात. त्यांची मंडळी पप्पांनी उभी केली. दर रविवारी दुपारी स्काउटच्या पोरांचा हॉल मिळायचा. तिथं तंबूंचा आणि ओल्या बुटांचा वास यायचा. पेटी आणि खंजिरी, भजनं, प्रार्थना, मग साक्ष, म्हणजे ज्याला देवाचं काही चांगलं अनुभवाला आलं असेल त्यानं उभं राहून सांगायचं. नंतर चहा आणि कोणाच्या तरी घरचे शेंगोळे नाहीतर मटण. मला तो दिवस फार आवडायचा. आठवडाभर शाळेत तोंड मिटून बसलेली मी तिथं बडबडायची आणि माझ्या मराठीला सगळे हसायचे. 'पाणी थंड आहे' आणि 'चहा गरम आहे' एवढ्यापर्यंत ठीक, पुढं माझी गाडी कुठंही घुसे. घरात येणारे शब्द मला येत, न येणारे येत नसत.

तिथं समुद्रापलीकडं गेलेल्या त्या लोकांनी एकमेकांशी करार केला होता, तसा पप्पांनी आमच्या मंडळीचा करार लिहिला. काळ्या पुठ्ठ्याची वही, आत त्यांचं शाळामास्तरी वळणदार अक्षर. आम्ही एकमेकांवर लक्ष ठेवू. चुकलेल्याला आधी एकट्याला गाठून सांगू, ऐकलं नाही तर मंडळीपुढं आणू. रविवारी काम करणार नाही, दयेचं काम सोडून. हे शेवटचं आईसाठी होतं, कारण वॉर्ड काही रविवारी बंद होत नाही. आणि ज्याचं नाव कमी होईल त्याच्याबरोबर कोणी जेवायला बसणार नाही. नाव कमी करणं हा पप्पांचा शाळेतला शब्द, हजेरीपटातला. सगळ्या मोठ्यांनी सह्या केल्या. मला तेरावं लागलं तेव्हा पप्पांनी वही माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, एस्तेर, आता तूही मोठी. ज्याची सही त्याला मत. मी जीभ बाहेर काढून सुवाच्य अक्षरात सही केली. त्याच सुमारास शाळेत इतिहासाला हाच विषय आला होता, अमेरिकेतल्या त्या वसाहती. मी पुठ्ठ्याचं उपासनाघर केलं, आत बाकं, एकीकडं पुरुष आणि एकीकडं बायका, आणि चुकलेल्या माणसानं सगळ्यांसमोर उभं राहून चूक कबूल करायची ती जागा. तिथं मी लेगोतली एक बाई उभी केली होती. वर्गात माझी वट वाढली. कारण ते मला पाठ होतं, आमच्या घरीच तर होतं सगळं.

त्या उन्हाळ्यात आईच्या हॉस्पिटलात एक मराठी आजी आल्या. कुलकर्णी. मुलगा बेसिंगस्टोकला आयटीत, आईला सहा महिन्यांच्या व्हिसावर आणलं होतं, समुद्र दाखवायला सगळे स्केगनेसला आले आणि तिथं वाळूतच आजी कोसळल्या. अर्धं अंग गेलं. इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, वाचा निम्मी गेलेली, उरलेली मराठीत. आईला दुसऱ्या वॉर्डवरून बोलावून घेतलं. पहिल्याच दिवशी आजींनी आईचा हात धरून विचारलं, कुठली गं तू? आई म्हणाली, नगरची. आजींनी विचारलं, आडनाव काय. आईनं सांगितलं, साळवे. आजींनी तिचा हात सोडला आणि तोंड भिंतीकडं केलं. हे आईनं घरी जेवताना सांगितलं, कोबीच्या वड्या खात, जणू वॉर्डवर बल्ब गेला होता असं. पप्पा म्हणाले, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आई म्हणाली, जाऊ द्या हो, म्हातारी घाबरलेली आहे.

आजी बारा दिवस होत्या. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी आईला पुन्हा हाक मारली, आणि मग दुसऱ्या कोणाच्या हातून काही घेईनात. आई ड्यूटी संपल्यावरही थांबायची, त्यांची वेणी घालायची. मुलगा बायकोला आणि लहान पोराला घरी सोडून यायला बेसिंगस्टोकला गेला आणि तेवढ्यात आजींचं बिनसलं. दुपारी आईचा घरी फोन आला. ती मला म्हणाली, सुपरमार्केटमधून बेझिलची कुंडी घे आणि पळत ये. मला वाटलं, रात्री पास्ता आहे. धापा टाकत गेले. सिस्टरनं मला आत सोडलं, भेटायचीच वेळ होती. मुलगा मोटरवेवर अडकला होता, फोनवर रडत आईला म्हणत होता, ताई, तुळशीचं पान आणि पाणी, जमलं तर, ताई. आईनं सिंकवर प्लॅस्टिकच्या कपात नळाचं पाणी घेतलं. बेझिलचं, म्हणजे इकडच्या तुळशीचंच, एक पान तोडून त्यात टाकलं. तोंड ओलं करायची गुलाबी स्पंजची काडी असते, ती त्यात बुडवली, आजींच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "आजी, तीर्थ घ्या."

आजींनी डोळे उघडले. चालत होता तो उजवा हात पांघरुणातून काढला, तळवा वर करून पुढं धरला. आईनं तळव्यावर दोन थेंब सोडले आणि काडीनं ओठ ओले केले. आजींनी ओठ चोखले. मग तो ओला तळवा हळूहळू वर गेला आणि डोक्यावरून, आईनं घातलेल्या वेणीवरून, मागं फिरला. नंतर त्या निजल्या. मुलगा पोहोचेपर्यंत गेलेल्या होत्या. मी माणूस मरताना पाहिला नव्हता, पण मला भीती वाटली नाही. मला वाटलं, माझ्या आईएवढं चांगलं जगात कोणी नाही. कुंडी मी घरी घेऊन आले आणि खिडकीत ठेवली.

आता पुढचं. हे मी आजवर दोनच माणसांना सांगितलंय. त्या रविवारी हॉलमध्ये साक्षीची वेळ आली तेव्हा मी हात वर केला. मुलं सहसा बोलत नसत. पप्पा कौतुकानं म्हणाले, बोल एस्तेर. मी उभी राहिले आणि सांगितलं, म्हाताऱ्या आजी, समुद्र, मोटरवे, सगळं. आणि म्हणाले, मग आईनं त्यांना तीर्थ दिलं. खंजिरी कोणाच्या तरी मांडीवर होती, तिचा जरासा आवाज झाला तेवढाच. पप्पांच्या बरोबरीनं मंडळीचे दुसरे वडील, म्हणजे पुढारी, होते ते पीटरकाका, नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करणारे, भला माणूस. ते पुढं वाकून म्हणाले, काय दिलं? मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मी मोठ्यानं म्हणाले, तीर्थ! तो शब्द आमच्या घरात कधी आलाच नव्हता हो. आजारी माणसाला देतात त्या पाण्याला तीर्थ म्हणतात, अशी माझी समजूत झाली होती. मूर्तीच्या पायांचं पाणी, देवळातलं पाणी, जे सोडून आमचे पणजे निघाले होते, तेच हे पाणी, हे मला कोण सांगणार? मी आईकडं बघून हसले. आई माझ्याकडं बघून हसली, आणि हात खाली घे, बस, अशी खूण केली.

तो आठवडा पप्पा कारखान्यातून आले की स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहायचे आणि आईला समजावायचे. पप्पा दुष्ट नव्हते. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही तसं म्हणाल. त्यांना आईला वाचवायचं होतं आणि वाटही त्यांनी शोधून काढली होती. ते म्हणत, पाणी नळाचं होतं, पान बेझिलचं होतं, तीर्थ नव्हतंच ते. म्हातारीचं मन राखायला तू म्हणालीस, एवढंच सांग. खोटं काय त्यात? आई भाकरी थापत राहायची. कधी म्हणायची, बघू. गुरुवारी पप्पांनी मला बोलावलं आणि विचारलं, तू पाहिलंस ना, पाणी कुठलं होतं? मी म्हणाले, नळाचं. शाब्बास, ते म्हणाले, विचारलं की एवढंच सांगायचं. मला हायसं वाटलं. काहीतरी आपल्या हातून बिघडलंय हे एव्हाना मला कळलं होतं, आणि ते आपल्याच एका शब्दानं नीट होणार होतं.

रविवारी खुर्च्या गोल मांडल्या होत्या. भजन झालं नाही. पीटरकाकांनी मला विचारलं, मी सांगितलं, नळाचं. पान? सुपरमार्केटमधलं बेझिल. सगळ्यांचे खांदे सैल पडलेले मला दिसले. पीटरकाकांची बायको सुशीलाकाकू तर रडायलाच लागली, देवाची स्तुती असो म्हणाली. पप्पांनी वही मिटली. तेवढ्यात आई उभी राहिली. तिनं रविवारची निळी साडी नेसली होती आणि वर हॉस्पिटलचा कार्डिगन.

"एस्तू खरं बोलते आहे," ती म्हणाली. "पाणी नळाचंच होतं. पण त्या बाईनं पहिल्या दिवशी मला आडनाव विचारलं होतं आणि मी सांगितलं होतं. कोण कुणाच्या हातचं घेतंय हे तिला माहीत होतं. माझ्या आजीला गावात वरून पाणी ओतायचे, ओंजळीत. या बाईनं माझ्या हातचं पाणी तीर्थ म्हणून घेतलं आणि डोक्याला लावलं. आता मी इथं उभी राहून म्हणू, की ते काही नव्हतं, मी मरत्या बाईला फसवलं? मी नाही म्हणणार. मी दिलं ते तीर्थच होतं."

पप्पा म्हणाले, "मार्था, बस खाली." आई बसली नाही. पीटरकाकांनी विचारलं, बाई, म्हणजे चूक कबूल नाही? आई म्हणाली, नाही. त्यांनी तीनदा विचारलं, तीन वेळा विचारायचं असं वहीत होतं. मग पप्पांना ते वाक्य म्हणावं लागलं, ज्यांच्या मते नाव कमी करावं त्यांनी हात वर करावा. हात हळूहळू वर गेले. काहींनी खाली बघत केले. पप्पांनी आपला हात वर केला आणि माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. शाळेत एखादं पोर मागं राहिलं तर मास्तर बघतात तसं. ज्याची सही त्याला मत. माझा हात वर गेला. तो मी केला की आपला गेला, यावर मी पुष्कळ वर्षं विचार करून पाहिलाय आणि त्यात काही अर्थ नाही. आईनं पाहिला. पप्पांनी खिशातली पट्टी काढून तिच्या नावावर सरळ रेघ मारली. ते कुठलीही रेघ पट्टीशिवाय मारत नसत.

घरी आल्यावर कोट काढता काढता आई म्हणाली, "पाण्यावरून वाळीत टाकायला एवढ्या लांब कशाला यायला हवं होतं?" तिनं शेगडी पेटवली, वाढून आणलं, दोन ताटं टेबलावर ठेवली आणि आपलं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली. पप्पांनी तिला जा म्हटलं नव्हतं. थांब असंही म्हटलं नाही. तिच्या खुर्चीवर काही दिवसांनी पुस्तकं आली. आधीच्या खुर्चीवर मावत नव्हती, असं पप्पा म्हणाले.

त्यानंतर आमच्या घराचे आवाज बदलले. पुढच्या खोलीत प्रार्थना, चमचे, पप्पांचा घसा खाकरल्याचा आवाज. आणि स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलेल्या ताटाचा एक बारीक आवाज, मध्येच नळ. ती उभ्यानंच जेवायची, बसायला जागाच नव्हती. बाकी सगळं चालू होतं. माझे शर्ट इस्त्री होत होते, पप्पांचा डबा भरला जात होता, ते तिला कामाचं विचारत, ती सांगत असे. भांडण म्हणाल तर एक नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. रविवारी आम्ही दोघं हॉलला जायचो आणि आई जास्तीची ड्यूटी घ्यायची. सुशीलाकाकू भेटली की आईला जवळ घेऊन रडायची, पण तिच्या घरचा चहा प्यायला बोलवायची नाही. आणि मी? मी टेबलावर बसून जेवत राहिले. पाच महिने. भाकरी गरम असायची, ती माझ्या ताटात आणून टाकायची आणि परत जायची, आणि मी ती खायची. आज मी आईच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी आहे. माझ्या घरी मोठं टेबल आहे, माणसं येतात, आणि कोणी म्हणालं, अगं तूही बस ना आमच्याबरोबर, तर मी भाकरी आणायचं निमित्त काढून आत जाते.

हिवाळ्यात एकदा मी उठले. ताट उचललं आणि स्वयंपाकघरात गेले. आई खिडकीकडं तोंड करून जेवत होती. बेझिल केव्हाच वाळून गेलं होतं, कुंडी होती. मी तिच्याशेजारी उभी राहिले. आई मला जवळ घेईल, रडेल, असं काहीबाही मी मनात ठरवून आले होते. तिनं माझ्या ताटाकडं पाहिलं. "जा," ती हळूच म्हणाली, "पप्पा एकटे जेवतायत." मी परत फिरले, पण टेबलापर्यंत पाय नेईनात. मग मी दारातच उभी राहिले, उंबऱ्यासारखी एक पत्र्याची पट्टी होती तिच्यावर, आणि तिथंच जेवले. त्या दिवसापासून ती माझी जागा झाली. तिथून दोघंही दिसायचे.

त्याच दिवसांत शाळेत तो विषय पुन्हा निघाला होता. मिसेस हॉलनी गृहपाठ दिला. ज्या लोकांना इथून छळून हाकलण्यात आलं, त्यांनी तिकडं गेल्यावर आपल्याशी न पटणाऱ्या माणसांना हिवाळ्यात वस्तीबाहेर का काढलं? दोन पानं लिहा. मी रोजचा गृहपाठ पप्पांना दाखवायची, ते व्याकरण तपासत. त्या दिवशी मी एकच ओळ लिहिली होती. कारण त्यांच्याकडं नावांची वही होती. पप्पांनी ती वाचली. लाल पेन हातात तसंच राहिलं. मग त्यांनी वही माझ्याकडं सरकवली आणि म्हणाले, व्याकरणात चूक नाही. मिसेस हॉलनी खाली लिहिलं, अधिक स्पष्ट कर. मी केलं नाही.

वसंतात मंडळी पांगली. कोणाशी वाकडं आलं म्हणून नव्हे. पीटरकाकांना ब्रिस्टलला काम मिळालं, दोन घरं लेस्टरला गेली, जालन्याचं घर परत भारतात. शेवटच्या रविवारी हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो. पप्पांनी पेटी उघडली, एक भजन म्हटलं, मी खंजिरी वाजवली, आणि हॉलची किल्ली त्या स्काउटच्या माणसाला देऊन आम्ही घरी आलो. आईची त्या दिवशी सुट्टी होती. तिनं शेंगोळे केले होते, भाकरी आणि ठेचा. पप्पांनी कोट न काढता तिच्या खुर्चीवरची पुस्तकं उचलून जमिनीवर ठेवली, फडक्यानं खुर्ची पुसली आणि टेबलावर तीन ताटं मांडली. आई पातेलं घेऊन आली आणि पाहत उभी राहिली.

"बस," पप्पा म्हणाले.

आईनं विचारलं, मंडळीची सभा झाली का. पप्पा म्हणाले, मंडळी राहिली आहे कुठं.

"मग माझं नाव परत कोण घालणार?"

हे ती रागानं बोलली नाही. फॉर्म कुठं भरायचा असं काउंटरवर विचारावं, तसं विचारलं. आणि खरंच होतं ते. कमी केलेलं नाव परत घालायला सगळ्या मंडळीचं मत लागतं, असं पप्पांनीच वहीत लिहिलं होतं, आणि मतं देणारे आता चार गावांत होते. तिनं पातेलं टेबलावर ठेवलं, आपल्या ताटात दोन पळ्या वाढून घेतल्या आणि ती आत गेली. मी माझं ताट घेऊन दारात गेले. पप्पा टेबलाशी उभे होते, तीन ताटांपैकी उरलेल्या एका ताटासमोर. मग त्यांनी ते उचललं. माझ्याजवळ आले. मी पोट आत ओढलं. ते त्या बोळात शिरले, कोटासकट, आणि सिंकपाशी आईच्या बाजूला उभे राहून जेवायला लागले.

ठेचा तिखट झाला होता, पप्पांना ठसका लागला. त्यांचा ग्लास टेबलावरच राहिला होता. आईनं नळ सोडून आपलं फुलपात्र भरलं आणि हातात धरलं.

"नळाचं आहे," ती म्हणाली.

पप्पांच्या डाव्या हातात ताट होतं. त्यांनी उजवा हात नळाखाली धुतला आणि तोच हात तिच्यापुढं धरला, तळवा वर करून. आईनं त्यात पाणी ओतलं. ते प्यायले. मग त्या ओल्या हाताचं काय करावं हे त्यांना कळेना. तो जरा वर गेला, खांद्यापर्यंत, आणि तिथंच थांबला, थेंब कोटाच्या बाहीत गळत होते. मी दारातून बघत होते. आईही बघत होती. मग तिनं खिळ्याला लटकवलेला टॉवेल काढून त्यांच्या हातात दिला.